लढाईच्या काळातील कंट्रोल आणि तलाठ्याचे दप्तर

कंट्रोल, रेशन, लेव्ही, परमिट आणि काळाबाजार हे पाच शब्द मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात आता इतके मुरले आहेत की, ते एकेकाळी नवे होते याची आठवणही कोणास होत नाही. रास्त भावाच्या दुकानास खेड्यापाड्यांत अद्यापि 'कंट्रोलचे दुकान' असेच म्हणतात. हे शब्द घरोघर पोहोचले ते १९३९ ते १९४५ च्या महायुद्धात. त्या काळी सरकारने धान्य, कापड, साखर, रॉकेल, लोखंड, कागद अशा बहुतेक नित्योपयोगी जिनसांच्या व्यापारावर निर्बंध घातले. त्या निर्बंधांविषयी लिहिताना व्यापाऱ्यांची नफेखोरी आणि शहरातील लोकांचे हाल यांवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु ते निर्बंध अमलात आणणारे हात कोणाचे होते, त्या हातांवर किती भार पडला आणि तो भार अखेरीस शेतकऱ्याच्या कणगीवर कसा उतरला, याचा विचार क्वचितच होतो. सातबाऱ्याशी ज्यांचा नित्य संबंध येतो अशा आमच्या वाचकांस ही हकीकत ठाऊक असणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

हिंजवडी गावाचे उदाहरण घेतल्यास विषय समजण्यास सोपे जाईल. मुळशी तालुक्यातील हे गाव आज संगणक-उद्योगाच्या टोलेजंग इमारतींमुळे देशभर ओळखले जाते. त्या इमारती उभ्या राहण्यापूर्वी ते भाताचे, ज्वारीचे आणि चैत्री पौर्णिमेस भरणाऱ्या म्हातोबाच्या यात्रेचे गाव म्हणून पंचक्रोशीत माहीत होते. यात्रा अजूनही भरते. भाताची खाचरे मात्र बरीच गेली. गावाचे ठिकाण ध्यानात घ्यावे. पूर्वेस काही कोसांवर पुणे शहर आणि खडकीची छावणी. खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. लढाई सुरू होताच तेथील काम वाढले, छावण्या फुगल्या आणि खाणारी तोंडे वाढली. पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याचा भातपट्टा, त्याचे ठाणे पौड. त्याच्याही पलीकडे दक्षिणेस भोर संस्थानची हद्द. अशा गावच्या शेतकऱ्यास पूर्वी तांदळाची चार पोती गाडीत घालून शहरात नेण्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. शहराभोवती रेशनिंगची हद्द आखली गेल्यावर तीच गाडी परवान्यावाचून आत नेणे हा गुन्हा झाला. वाट तीच, बैल तेच, मालही तोच. मध्ये एक कागद आला. तो कागद कोण लिहीत होता आणि कशाच्या आधारे लिहीत होता, हाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम हे निर्बंध कसकसे आले ते थोडक्यात सांगतो. ३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थानास न विचारता त्यास युद्धात ओढण्यात आले आणि त्याच महिन्यात भारत संरक्षण कायदा झाला. त्याखालील नियमांनी सरकारास भाव ठरविण्याचे, साठे जाहीर करून घेण्याचे आणि मालाची ने-आण थांबविण्याचे अधिकार मिळाले. नित्याच्या जिनसांचे भाव ताब्यात ठेवण्याचे काम मध्यवर्ती सरकारने लागलीच प्रांतांच्या गळ्यात घातले. मे १९४० मध्ये परदेशांतून येणाऱ्या ६८ प्रकारच्या मालास परवाना आवश्यक झाला. १९४१ मध्ये लोखंड व पोलाद यांच्या वाटपावर नियंत्रण आले. नांगराचा फाळ, गाडीची धाव आणि मोटेचे लोखंडी सामान यांसाठी शेतकऱ्यास कचेरीची पायरी चढावी लागू लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गव्हाचा कमाल भाव लायलपूर व हापूर या पेठांत मणास ४ रुपये ६ आणे असा ठरविण्यात आला. भाव ठरला, परंतु माल सरकारच्या ताब्यात नव्हता. गहू पेठेतून दिसेनासा झाला आणि जानेवारी १९४३ मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला. नुसता भाव छापल्याने धान्य बाजारात येत नाही, एवढी गोष्ट समजण्यास राज्यकर्त्यांस तीन वर्षांहून अधिक काळ लागला.

मध्यंतरी ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपानच्या हाती गेले. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दरसाल सुमारे १५ लाख टन तांदूळ येत असे, तो एकाएकी बंद झाला. मुंबई इलाखा मुळातच धान्याच्या तुटीचा. मुंबई शहर आणि कोकणपट्टी यांचा मोठा आधार ब्रह्मी तांदूळच होता. त्याच सुमारास विजापूर जिल्ह्यात दुष्काळ पडला. सरकार लढाईचा खर्च नोटा छापून भागवीत होते. युद्धारंभी चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या, त्या १९४५ पर्यंत ११०० कोटींच्या वर गेल्या. आणि ऑगस्ट १९३९ चे घाऊक भाव १०० धरले तर १९४४-४५ मध्ये ते २४४ च्या घरात पोहोचले. डिसेंबर १९४२ मध्ये दिल्लीस स्वतंत्र अन्नखाते निघाले. २ मे १९४३ रोजी मुंबई शहरात रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी ग्रेगरी समितीने एक लाखावर वस्ती असलेल्या सर्व शहरांस रेशनिंग लागू करावे अशी शिफारस केली. पुणे शहर त्या मर्यादेत सहज येत होते.

येथे एक गोष्ट वाचकांनी नीट समजून घ्यावी. शहरातील माणसाच्या हातात रेशनकार्ड दिले की, सरकारने त्यास दर आठवड्यास ठरलेले धान्य देण्याचे वचन दिले असे होते. हे वचन पाळण्यासाठी सरकारास स्वतःच धान्याचा व्यापारी व्हावे लागले. धान्य जहाजातून येईना, व्यापारी ते बाहेर काढीना, तेव्हा ते शेतकऱ्याच्या घरातून आणावयाचे ठरले. हीच लेव्ही. शेतकऱ्याने आपल्या पिकाचा ठरावीक हिस्सा ठरलेल्या भावाने सरकारास विकलाच पाहिजे, असा तो हुकूम होता.

कापडावरही नियंत्रण होते. जून १९४३ च्या हुकुमानंतर कापडावर कमाल किंमत छापून येऊ लागली. तरी कापड काळ्या बाजारात जात होतेच. मग धान्याच्या बाबतीतच सरकारची मूठ इतकी घट्ट कशी बसली? आमच्या मते याचे कारण एकच. निर्बंध जेथे नोंद आहे तेथेच बसतो. गिरणीतून निघालेले कापड दलाल, अडत्या, किरकोळ दुकानदार अशा दहा हातांतून जाई आणि त्यांची खरी वही कोणासही दिसत नसे. शेतकऱ्याची मात्र वही सरकारपाशीच होती. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत असल्यामुळे प्रत्येक सर्व्हे नंबराचे क्षेत्र, आकार, कबजेदार आणि पीक यांची नोंद गावच्या दप्तरात दरसाल होत असे. नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही मिळून आपला सातबारा. हे दप्तर साऱ्याच्या वसुलीसाठी आणि जमिनीचे तंटे तोडण्यासाठी तयार झाले होते. त्यावर १९४३ नंतर एका प्रांताच्या अन्नाचा हिशेब लादला गेला.

ही गोष्ट दुधारी होती, हेही सांगितले पाहिजे. बंगालमध्ये १७९३ पासून कायमधाऱ्याची पद्धत होती. तेथे सारा जमीनदाराकडून येत असल्यामुळे तलाठ्यासारखा गावोगावचा महसुली नोकर सरकारने ठेवलाच नव्हता. कोणत्या गावी किती भात पिकले, कोणाच्या घरी किती आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. १९४३ च्या दुष्काळात तेथे, चौकशी समितीच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे १५ लाख माणसे मेली. पुढील अभ्यासक तो आकडा ३० लाखांपर्यंत नेतात. त्या संहारास इतर कारणे पुष्कळ होती आणि वरच्या सत्ताधाऱ्यांची बेपर्वाई त्यांत कमी नव्हती. तथापि गावपातळीवर सरकारचा डोळा आणि हात नसणे हेही एक कारण खास होते. आमच्याकडे तलाठी होता. म्हणून मुंबईचे रेशन चालले. आणि तलाठी होता म्हणूनच मावळातल्या शेतकऱ्याची कणगी मोजली गेली. या दोन्ही गोष्टी एकाच वहीच्या दोन बाजू आहेत.

आता त्या वहीतील अंक कसा तयार होत असे ते पाहू. कारण खरी मेख तेथेच आहे. पाहणीपत्रकावरून पिकाखालचे क्षेत्र बऱ्याच अंशी बरोबर कळत असे. पीक किती आले हे मात्र आणेवारीवरून ठरे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मे. ही आणेवारी नजरअंदाजाने करावयाची. तिची मूळ योजना साऱ्याच्या तहकुबीसाठी होती. पीक चार आण्यांच्या आत असल्यास त्या सालचा सारा तहकूब व्हावा, असा प्रघात होता. त्या एका अंकावरून १९१८ मध्ये गुजरातेत खेडा सत्याग्रह झाला, हे प्रसिद्धच आहे. म्हणजे ज्या अंकाविषयी सरकार आणि रयत यांचे शांततेच्या काळातही कधी एकमत होत नसे, तोच अंक लेव्हीचा पाया झाला.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट करतो. समजा, एका शेतकऱ्याचे चार एकर भात आहे आणि सोळा आणे पिकास एकरी आठ मण धान्य येते असे धरले आहे. आणेवारी आठ आणे लागली तर त्याचे उत्पन्न सोळा मण धरले जाईल. दहा आणे लागली तर वीस मण. फरक चार मणांचा. सरकारी मण सुमारे ८२ रत्तलांचा. तेव्हा चार मण म्हणजे ३२८ रत्तल. सहा माणसांच्या घरास माणशी रोज एक रत्तल धरल्यास हे धान्य सुमारे चोपन्न दिवस पुरते. बांधावर उभे राहून घाईने केलेल्या अंदाजात दोन आण्यांची चूक होणे ही काही मोठी गोष्ट नव्हे. साऱ्याच्या हिशेबात तेवढ्या चुकीने काही रुपयांचा फरक पडे. लेव्हीच्या हिशेबात घरातील जवळजवळ दोन महिन्यांचे अन्न इकडचे तिकडे होत असे. शिवाय बियाणे, मजुरीचे धान्य, बलुत्याचे धान्य, लेकीबाळींच्या येण्याजाण्याचा खर्च, या गोष्टी प्रत्येक घरी निराळ्या; कचेरीचा तक्ता सर्वांस एकच. अर्ज करण्याची सोय असली तरी अर्ज पौडास जावयाचा, तेथून चौकशीसाठी परत त्याच तलाठ्याकडे यावयाचा. तोवर वसुलीची तारीख उलटलेली असे.

मग तो तलाठी इतकी घाई का करीत होता? दुष्टपणाने म्हणावे, तर प्रत्येक गावी दुष्ट तलाठीच नेमला गेला असे मानावे लागेल. खरे कारण कामाचे होते. एका तलाठ्याकडे सहसा एकच गाव नसून पुष्कळ ठिकाणी अनेक गावांचा सजा असे. सारावसुली, हक्कनोंदी, फेरफार, पाहणी, तगाईचे कागद आणि वरून येईल ती चौकशी एवढे काम त्यास लढाईपूर्वीही होते. लढाईत त्यावर काय काय चढले ते पाहावे: लेव्हीच्या याद्या, धान्याच्या साठ्याचे तक्ते, रॉकेल व साखरेच्या वाटपासाठी कुटुंबांची मोजणी, 'अधिक धान्य पिकवा' या १९४२ पासूनच्या मोहिमेच्या विहिरी-तगाईचे कागद, आणि वरच्या साहेबांच्या आग्रहाने गोळा करावयाचे युद्धनिधीचे पैसे व बचतीची सर्टिफिकिटे. १९४४ मध्ये मुंबई सरकारने अन्नपिकांच्या वाढीचा कायदा करून कापसासारख्या पिकांखालील जमीन मर्यादित केली. त्याची पाहणीही त्याच दप्तरातून. हे सर्व करणारा माणूस पूर्वीचाच, गावेही पूर्वीचीच, दिवसही चोवीस तासांचाच.

मामलेदार कचेरीची स्थिती याहून बरी नव्हती. मामलेदार हा महसुली अधिकारी, मॅजिस्ट्रेट आणि तिजोरीचा रक्षक असा तिन्ही नात्यांनी बांधलेला. त्यास आता पुरवठा-अधिकारीही व्हावे लागले. हुकूम इंग्रजीत निघत. इलाख्यात मराठी, गुजराती आणि कानडी अशा तीन भाषा चालत असल्याने प्रत्येकाचे भाषांतर होई. ते छापून कचेरीत येई, तेथून तलाठ्याकडे, मग चावडीवर वाचून आणि दवंडी देऊन गावास कळे. हा प्रवास पुरा होईतो पुष्कळदा पहिल्या हुकुमात दुरुस्ती करणारा दुसरा हुकूम निघालेला असे. ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी मुलूख यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या. भोर, फलटण, औंध, सांगली, जत, कोल्हापूर अशी किती नावे घ्यावीत! एका गावी लागू असलेला भाव ओढ्यापलीकडच्या गावी लागू नसेल, तर धान्य रात्री ओढा ओलांडणारच. त्यास पाण्याची भीती नाही.

आणि हा सर्व लेखनाचा पसारा मांडावयाचा तो कागदच मिळेना. कागदावर नियंत्रण आले. वर्तमानपत्रांची पाने घटली. सरकारी कचेऱ्यांत पाठकोरे कागद आणि जुनी पाकिटे उलटून वापरण्याची वेळ आली. टाचण्या परदेशी असल्यामुळे त्यांच्याऐवजी बाभळीचे काटे वापरल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. मलाया पडल्यावर रबर दुर्मिळ झाले, तेव्हा सजाभर फिरणाऱ्या माणसास सायकलीचा टायर म्हणजे चैन वाटू लागली. पेट्रोलच्या टंचाईमुळे एस्. टी. निघण्यापूर्वीच्या त्या खासगी मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि चढावर धापा टाकीत. अशा साधनांनी प्रांताच्या अन्नाचा हिशेब ठेवला जात होता.

पगाराचे म्हणाल, तर ठरावीक पगाराच्या माणसाची स्थिती सर्वांत वाईट होती. ज्याने धान्य पिकविले त्यास निदान खावयास होते. कारकुनास बाजारातून विकत घ्यावे लागे. भाव अडीच पट झाले, पगार मात्र तितका वाढला नाही. म्हणून महागाई भत्त्याची ठिगळे लावण्यात आली. पुढे १९४७ मध्ये वरदाचारियर आयोगाने मध्यवर्ती सरकारच्या सर्वांत खालच्या नोकरास मूळ पगार ३० रुपये आणि महागाई भत्ता २५ रुपये मिळावा असे सुचविले. मूळ पगाराच्या जवळजवळ बरोबरीचा भत्ता द्यावा लागावा, यावरूनच मधल्या वर्षांत या लोकांनी कसे दिवस काढले असतील याची कल्पना येते. जुलै १९४६ मध्ये टपाल-नोकरांनी देशभर संप केला, तो उगाच नव्हे.

त्यात राजकारणाची भर पडली. नोव्हेंबर १९३९ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून एप्रिल १९४६ पर्यंत मुंबई इलाख्यात लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते. गव्हर्नर आणि त्याचे सल्लागार राज्य चालवीत. विधिमंडळात प्रश्न विचारण्याची सोय उरली नाही. रयतेची तक्रार वर पोहोचविणारा आमदार नाही, आणि वरच्या हुकुमाचे कारण समजावून सांगणारा मंत्रीही नाही. जो काही राग यावयाचा तो समोर दिसणाऱ्या सरकारी नोकरावर येई. ऑगस्ट १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात चावड्या व दप्तरे जळाली, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा अंमल खेड्यांत सुरू झाला. गावकामगारास एकीकडे सरकारची नोकरी आणि दुसरीकडे आपलेच भाऊबंद. अनेकांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवून ती वर्षे ढकलली.

आम्ही येथे त्या नोकरवर्गाची वकिली करीत नाही. परवाना हा शब्द जेथे आला तेथे हात पुढे करणाराही आला, हे सर्वश्रुत आहे. ज्याच्या सहीवाचून घासलेटाचा डबा हलत नाही आणि ज्याच्या स्वतःच्या घरी महिनाअखेर दाणा नाही, अशा माणसास किती मोह पडत असेल हे सांगावयास नको. सरकारलाही ते कळत होते. युद्धपुरवठ्याच्या खात्यांतील लाचलुचपत शोधण्यासाठी १९४१ मध्ये खास पोलीस शाखा स्थापन झाली. १९४६ मध्ये तिला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला आणि १९६३ मध्ये तिच्यातूनच केंद्रीय अन्वेषण विभाग निघाला. १९४७ चा लाचलुचपत प्रतिबंधक कायदाही याच अनुभवाचे अपत्य होय. आमचे म्हणणे इतकेच की, काम दहापट वाढवावे, माणसे तितकीच ठेवावी, पगार महागाईच्या मागे सोडावा आणि मग लाच पकडण्यासाठी नवे खाते काढावे, या क्रमात शहाणपण थोडे आहे. पहिली तीन पावले नीट पडली असती तर चौथ्याचे काम निदान हलके झाले असते.

लढाई १९४५ मध्ये संपली, कंट्रोल संपले नाही. उलट १९४६ च्या आरंभी धान्याची स्थिती इतकी बिकट झाली की रेशन माणशी रोजच्या सुमारे १६ औंसांवरून १२ औंसांवर आणावे लागले. महात्माजींच्या आग्रहाने डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे उठविण्यास प्रारंभ झाला. भाव भडकले आणि सप्टेंबर १९४८ मध्ये ती पुन्हा बसविण्यात आली. रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना १९५४ मध्ये धान्यावरील ती जुनी बंधने बरीचशी सुटली. त्यानंतरही ती निरनिराळ्या रूपांनी येत-जात राहिली. १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा हा त्या युद्धकालीन नियमांचाच वंशज आहे.

या सर्व धडपडीतून शेतीस एक चांगली गोष्ट मिळाली. नजरअंदाजाच्या आणेवारीवर देशाच्या अन्नाचा हिशेब चालत नाही हे उघड झाल्यावर, पिकाचा उतारा शास्त्रीय रीतीने काढण्याचे काम जोराने सुरू झाले. त्यात अग्रेसर होते सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, आणि त्यांच्यासह डॉ. पानसे. त्यांनी पीककापणी प्रयोगांची पद्धत बसविली: गावे आणि शेते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाची, निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखावयाचा, तेथील पीक कापून, मळून, वजन करावयाचे. यात कोणाच्या नजरेचा किंवा मर्जीचा प्रश्न राहत नाही. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पीकविम्याची भरपाई ठरविताना याच प्रयोगांचा आधार घेतला जात आला आहे. मात्र प्रयोग करणारा माणूस घाईत असेल तर शास्त्रही लंगडे पडते.

आता आजच्या परिस्थितीकडे वळतो. धान्याची सक्तीची लेव्ही आज नाही. व्यापारावरील निर्बंध मात्र आहेतच. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीस बंदी झाली, ती सप्टेंबर २०२४ अखेर उठली. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीस बंदी झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. हे हुकूम आता बंदरावर अमलात येतात, त्यासाठी तलाठ्यास गाडी अडवावी लागत नाही. परंतु देशात पीक किती आले, या अंदाजावर हे हुकूम निघतात, आणि त्या अंदाजाचे एक मूळ अजूनही गावच्या पीकपाहणीतच आहे. लागवडीचे क्षेत्र चुकीचे लागले तर तुटवड्याची भीती अकारण निर्माण होते, किंवा असलेला तुटवडा दिसत नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नमुना बाराचा अंक लिहिण्याचे काम प्रथमच शेतकऱ्याच्या हाती आले. याचा अर्थ तलाठ्याचे ओझे आपल्या खांद्यावर आले असा काहीजण लावतात आणि कुरकुरतात. आम्हांस तसे वाटत नाही. १९४३ मध्ये चार एकर भातवाल्या शेतकऱ्यास आपल्या पिकाचा अंक स्वतः लिहिण्याची मुभा असती, तर त्याने ती आनंदाने घेतली असती. शेतात प्रत्यक्ष उभे राहून छायाचित्र घ्यावे लागते, मुळशीच्या डोंगराळ भागात मोबाइलला रेंज मिळत नाही, वयस्कर माणसांस ते साधत नाही, या अडचणी खऱ्या आहेत; त्यासाठी गावोगाव सहायकांची सोय ठेवलेली असते, तिचा उपयोग करून घ्यावा. शेवटच्या आठवड्यात सर्वांनी एकदम नोंद करू गेल्यास यंत्रणा अडते, तेव्हा पेरणी उरकून पीक ओळखता येऊ लागताच नोंद करावी.

हिंजवडी, माण, मारुंजी या बाजूच्या ज्या वाचकांची थोडीच जमीन आता लागवडीखाली उरली आहे, त्यांस आमची विशेष सूचना आहे. भोवती बांधकाम झाल्यामुळे आपला तुकडा पडीक लागला आहे काय, हे सातबाऱ्यावर पाहून घ्यावे. भात असेल तर भात, भाजीपाला असेल तर भाजीपाला, बांधावरची झाडे असतील तर झाडे, विहीर किंवा विंधनविहीर असेल तर ती, अशी प्रत्येक गोष्ट त्या-त्या ठिकाणी नोंदवावी. मिश्र पीक असल्यास मुख्य पीक आणि दुय्यम पीक यांचे क्षेत्र निरनिराळे द्यावे. सर्व क्षेत्र एकाच पिकास लावू नये. खाते सामाईक असल्यास प्रत्येक हिस्सेदाराने आपल्या वहिवाटीपुतेच क्षेत्र भरावे. एकाने सगळे भरल्यास दुसऱ्याची नोंद होत नाही, आणि पीकविमा किंवा नुकसानभरपाई यांच्या वेळी भावाभावांत कटकट उभी राहते. नोंद केल्यावर उतारा पुन्हा उघडून पाहावा, आणि चूक आढळल्यास दुरुस्तीच्या मुदतीतच तलाठी कार्यालयात कळवावे.